ओटा आणि सिंक यांचा सांधा: वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी स्वयंपाकघरातील एकाच जागेविषयी आहेत. जिथे ओट्याचा दगड संपतो आणि सिंक सुरू होते, ती बोटभर रुंदीची कड हा त्या सर्वांचा विषय आहे. ओटा एका वस्तूचा, सिंक दुसऱ्या वस्तूचे आणि त्यांना जोडणारा पदार्थ तिसराच, अशी ही जागा असते. तिच्यावर दिवसभर पाणी, उष्णता आणि भांड्यांचे वजन पडत राहते. त्यामुळे या वेळचे संपूर्ण सदर याच प्रश्नांना दिले आहे.

प्रश्न: आमच्या ओट्याला काळा ग्रॅनाइट असून त्याखाली स्टीलचे सिंक बसवले आहे. दोघांमधला सांधा गवंड्याने व्हाइट सिमेंटने भरला होता. वर्षभरात त्याला भेगा पडल्या, तो काळा झाला आणि आता खालच्या कपाटात पाणी ठिबकते. पुन्हा सिमेंट भरून घेतले, तरी तेच झाले. गवंड्याच्या मते सिंकचा पत्रा पातळ असल्यामुळे असे होते. खरा दोष कशाचा?
(एक वाचक, सांगली)

उत्तर: दोष मुख्यतः सांध्यात भरलेल्या पदार्थाचा आहे. व्हाइट सिमेंट दोन फरश्यांमधली बारीक फट भरायला ठीक असते, कारण तिथे दोन्ही बाजूंना एकच वस्तू असते आणि ती जवळजवळ हलत नाही. तुमच्या ओट्यावर मात्र एका बाजूला दगड आणि दुसऱ्या बाजूला स्टील आहे, आणि ही दोन्ही तापल्यावर सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. एक मीटर लांबीची पट्टी एक अंश सेल्सिअसने तापली तर ग्रॅनाइट सुमारे ८ मायक्रॉन वाढतो आणि स्वयंपाकघरात वापरले जाणारे स्टेनलेस स्टील सुमारे १७ मायक्रॉन, म्हणजे दुपटीहून थोडे अधिक. आकडे लहान वाटतील, परंतु त्यात वेळेचाही हिशेब धरावा लागतो. बटाटे उकडलेले कुकरमधले पाणी सिंकमध्ये ओतले की स्टीलचा पातळ पत्रा काही क्षणांत तापतो, आणि ग्रॅनाइटचा जाड दगड तेवढ्या वेळात जवळजवळ थंडच राहतो. दोन फूट लांबीचे सिंक पन्नास अंशांनी तापले, तर ते साधारण अर्धा मिलिमीटर वाढू पाहते. थंड पाण्याचा नळ सोडला की ते पुन्हा आखडते. हे दिवसातून अनेकदा घडते आणि व्हाइट सिमेंटला ताणले जाण्याची सवयच नसल्यामुळे ते स्टीलपासून सुटते. एकदा केसाएवढी भेग पडली की तिच्यातून साबणाचे पाणी, तेल आणि अन्नाचे कण आत जातात. काळेपणा आणि वास त्याचाच असतो.

पातळ पत्र्याविषयी तुमच्या गवंड्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पत्रा पातळ असला की भरलेले पातेले ठेवताना सिंकची कड खाली दबते आणि सांध्यावर वरून खाली असा दुसरा ताण येतो. म्हणून जाड पत्र्याचे सिंक चांगले. तरीही सांधा सिमेंटचाच राहिला, तर जाड पत्र्याच्या सिंकलाही काही काळाने हाच त्रास होईल. येथे ताणले जाणारा आणि पुन्हा मूळ आकारात येणारा पदार्थ हवा आणि घरगुती कामासाठी तो म्हणजे सिलिकॉन सीलंट. चांगले सिलिकॉन सांध्याच्या रुंदीच्या पाव भागाइतकी हालचाल सहज सोसते, म्हणजे तीन मिलिमीटरच्या सांध्यात पाऊण मिलिमीटर. तुमच्या सिंकची हालचाल दोन्ही बाजूंना विभागली जाते, त्यामुळे एवढी सोय पुरेशी आहे. मात्र सांधा दोन-तीन मिलिमीटर रुंद असणे आवश्यक आहे. दगड आणि स्टील एकमेकांना घट्ट टेकवून वरून नुसता हात फिरवला, तर ताणले जायला सिलिकॉनच शिल्लक राहत नाही.

दुरुस्ती करताना जुने सिमेंट पूर्णपणे खरवडून काढावे. त्याचे डाग घालवण्यासाठी अनेक कारागीर बाजारात मिळणारे ॲसिड वापरतात, तेवढे मात्र कटाक्षाने टाळावे. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्या पृष्ठभागावरील क्रोमियमच्या ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे, आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडातील क्लोराइड नेमका तोच थर फोडून स्टीलमध्ये सुईच्या टोकाएवढी छिद्रे पाडते. जागा मोकळी झाल्यावर एक-दोन दिवस सिंक वापरू नये आणि पंख्याखाली सांधा पूर्ण वाळू द्यावा, कारण ओल्या किंवा तेलकट पृष्ठभागाला सिलिकॉन धरत नाही. त्यानंतर ॲसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही कडा पुसून, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून, सिलिकॉन सलग भरावे आणि किमान चोवीस तास पाणी लागू देऊ नये. सिलिकॉन हवेतल्या दमटपणामुळे बाहेरून आत असे घट्ट होते आणि एका दिवसात साधारण दोन-तीन मिलिमीटर खोलीपर्यंतच ते पक्के होते. आणि हे सगळे करण्याआधी सिंकखाली वाकून त्याला आधार कशाचा आहे, हे अवश्य पाहावे. त्याविषयी पुण्याच्या वाचकांना दिलेल्या उत्तरात सविस्तर लिहिले आहे.

प्रश्न: आमच्या जुन्या घरातला ओटा कडप्प्याचा आहे. नवे सिंक बसवताना दुकानातून आणलेले सिलिकॉन लावले, तेव्हा त्याला व्हिनेगरसारखा उग्र वास येत होता. आता सांध्याच्या कडेने कडप्प्यावर पांढुरकी रेघ उमटली आहे आणि एका बाजूने सिलिकॉन सुटून येत आहे. कडप्पा चांगला नाही का?
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर: कडप्पा उत्तम आहे, त्याला चालणारे सिलिकॉन मिळाले नाही, एवढेच. आंध्र प्रदेशातील ज्या जिल्ह्याच्या नावाने हा दगड ओळखला जातो, तेथील हा काळसर दगड चुनखडीच्या जातीचा आहे. तो दिसायला ग्रॅनाइटच्या जवळचा असला, तरी त्याचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट आहे आणि आम्लाशी त्याची प्रक्रिया होते. ओट्यावर लिंबू किंवा चिंचेचे पाणी सांडून राहिले की तिथली चकाकी जाऊन फिकट डाग राहतो, हे कडप्पा वापरणाऱ्या प्रत्येक घरात पाहायला मिळते. तुम्हाला आलेला वास ॲसिटिक आम्लाचा होता. या प्रकारचे सिलिकॉन घट्ट होताना हे आम्ल बाहेर टाकते, आणि ग्रॅनाइट, काच किंवा चकचकीत टाइलवर त्याचा त्रास होत नसला, तरी कडप्पा, कोटा आणि संगमरवर या तिन्ही दगडांवर त्याची रेघ उमटते. दगडाचा पृष्ठभागच झिजल्यामुळे पकड कमी होते आणि सिलिकॉन सुटू लागते.

अशा दगडांसाठी न्यूट्रल क्युअर असे लिहिलेले सिलिकॉन मागावे. संगमरवर असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते: काही सिलिकॉनमधील तेलकट अंश सच्छिद्र दगडात हळूहळू झिरपतो आणि सांध्याभोवती कायमची गडद चौकट तयार होते, जी पॉलिश करूनही जात नाही. म्हणून नैसर्गिक दगडासाठी खास बनवलेले, डाग न पाडणारे सीलंट घ्यावे आणि ते आधी दगडाच्या एखाद्या उरलेल्या तुकड्यावर लावून आठवडाभर पाहावे.

तुमच्याकडे सिलिकॉन सुटण्याचे आणखी एक कारण असू शकते. कडप्पा काळाभोर दिसावा म्हणून त्याला खोबरेल किंवा दुसरे तेल चोळण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. वर्षानुवर्षे तेल प्यालेल्या दगडाला कोणतेही सीलंट नीट धरत नाही. तेव्हा कडेचा इंचभर भाग ॲसिटोनने अनेकदा पुसून घ्यावा आणि पांढऱ्या कपड्यावर तेलाचा डाग उमटेनासा झाला की मगच काम सुरू करावे. पांढरी रेघ घालवण्यासाठी तेवढी पट्टी बारीक पॉलिश पेपरने घासून घेता येते. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेचा विचार करून सिंकखालचे स्क्रू आणि पट्ट्याही ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्याव्यात. साध्या लोखंडाची पट्टी गंजली की तिचा तांबूस ओघळ दगडात मुरतो.

प्रश्न: नव्या सदनिकेत क्वार्ट्झचा ओटा आणि त्याखाली २४ बाय १८ इंचाचे, ९ इंच खोल सिंक बसवायचे आहे. कंत्राटदार म्हणतात की सिंकची कड सिलिकॉनने आणि चार ठिकाणी इपॉक्सीने खालून चिकटवली की पुरे, वेगळा आधार लागत नाही. दुसरे एक कारागीर मात्र सिंक कडप्प्यावर बसवून वरून क्वार्ट्झ टाकायचे म्हणतात. कोणाचे ऐकावे?
(एक वाचक दांपत्य, पुणे)

उत्तर: आधी वजनाचा हिशेब करू. तुमच्या सिंकचा आतला भाग साधारण २२ बाय १६ इंचांचा आणि ९ इंच खोल धरला, तर त्यात सुमारे ५२ लिटर पाणी मावते. निचरा तुंबून सिंक काठोकाठ भरले, तर केवळ पाण्याचे वजन ५२ किलो होते. त्यात सिंकचे स्वतःचे वजन, भांडी आणि ती घासताना दिलेला हाताचा जोर मिळवला की साठ किलोंच्या पुढे आकडा जातो. एवढे वजन वर्षानुवर्षे उलटे लटकत्या सांध्यावर सोडणे मला मान्य नाही. सिलिकॉनचे काम पाणी अडवण्याचे आहे आणि वजन पेलण्याचे काम आधाराचे आहे. या दोन कामांची सरमिसळ झाली की सांधा निकामी होतो, असे मी ठामपणे म्हणेन. इपॉक्सीचे ठिपके सुरुवातीला पक्के वाटतात, पण इपॉक्सी कडक असतो आणि सततच्या तापण्या-निवण्याने स्टीलच्या गुळगुळीत पृष्ठभागावरून एखाद्या दिवशी अचानक सुटतो. दगडाचे दोन तुकडे जोडायला इपॉक्सी योग्य, कारण दोन्ही बाजू एकसारख्या हलतात. दगड आणि स्टील यांना जोडण्यासाठी त्यावर विसंबू नये.

दुसऱ्या कारागिराची पद्धत महाराष्ट्रात सर्रास वापरली जाते आणि वजनाच्या दृष्टीने ती निर्धोक आहे. उभ्या कडप्प्यांवर आडवा कडप्पा, त्यात कापलेल्या जागेत सिंक आणि त्याच्या कडेवर वरचा दगड, अशी तिची रचना असते. तिची अडचण पुढे कधीतरी कळते: सिंक बदलायची वेळ आली की ते दोन दगडांच्या मधून काढता येत नाही, वरचा दगड उचलावा लागतो आणि उचलताना तो बहुधा फुटतो. ग्रॅनाइटच्या बाबतीत हा धोका लोक पत्करतात. महागड्या क्वार्ट्झच्या बाबतीत मी पत्करणार नाही. त्याऐवजी सिंकच्या चारही बाजूंनी जाईल अशी चौकोनी नळीची स्टेनलेस स्टीलची चौकट कपाटाच्या बाजूंना किंवा भिंतीला पक्की करून घ्यावी, सिंक तिच्यावर बसवावे आणि चौकटीला खालून वर-खाली करता येणारे बोल्ट ठेवावेत. मग सिंकची कड दगडाच्या खालच्या बाजूला अलगद भिडवता येते, मध्ये सिलिकॉनचा सलग थर राहतो आणि दहा-पंधरा वर्षांनी बोल्ट सैल करून सिंक खालून उतरवता येते. खर्च थोडा वाढतो, पण ओट्याच्या एकूण खर्चात तो फारसा जाणवत नाही.

दगड कापण्याविषयीही लिहिणे गरजेचे आहे, कारण बहुतेक तडे तेथूनच सुरू होतात. सिंकसाठी कापलेल्या जागेचे आतले कोपरे काटकोनी ठेवले की सगळा ताण त्या टोकावर एकवटतो आणि पुढे कधीतरी तिरका तडा जातो. कारागिराने आधी चारही कोपऱ्यांत गोल छिद्रे पाडावीत आणि मग एका छिद्रापासून दुसऱ्यापर्यंत सरळ कापावे. दोन फूट रुंद ओट्यात १८ इंची सिंक बसवले की पुढे आणि मागे जेमतेम तीन-तीन इंच दगड उरतो. ही पुढची पट्टी सर्वात नाजूक असते, तिच्यावर कोणी रेलते, कोणी मूल बसते. म्हणून तिच्याखाली कडप्प्याची किंवा स्टीलची पट्टी अवश्य द्यावी. दगडाचे दोन तुकडे जोडायचे असतील, तर तो जोड सिंकच्या समोरच्या पट्टीत कधीही आणू नये. काही कारागीर दगडाची बचत होते म्हणून नेमके तेच करतात, तेव्हा नकाशा पाहतानाच हे बोलून घ्यावे.

दगडाची कड सिंकच्या भिंतीच्या किती पुढे यावी, याविषयी मते वेगवेगळी आहेत. दगड पुढे आला तर सांधा झाकला जातो, पण त्याच्या पोटात साचलेली घाण दिसत नाही आणि जड पातेले वर उचलताना त्याच्या कडेवर आदळून कपची उडते. आपल्याकडची मोठी भांडी लक्षात घेता दगड आणि सिंकची भिंत एका रेषेत ठेवावी, किंवा सिंकची कड दोन-तीन मिलिमीटर दिसू द्यावी, असे मला वाटते. सांधा डोळ्यांना दिसला की तो पुसलाही जातो.

आणि सिंक वरून बसवण्याचा साधा पर्यायही कमी प्रतीचा मानू नये. तिथे वजन थेट दगडावर येते, कापलेली कड झाकली जाते आणि सिंक बदलणे अर्ध्या दिवसाचे काम असते. कडेशी पाणी अडते, ही त्याची एकच मोठी उणीव आहे.

प्रश्न: दुकानदार सिंक ३०४ प्रतीचे असल्याचे सांगतात आणि लोहचुंबक चिकटत नाही हे दाखवतात. ही चाचणी पुरेशी आहे का?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर: नाही. ३०४ प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. स्वस्त २०२ प्रतीत निकेलचा बराच भाग मँगनीजने भरून काढलेला असतो. दोन्ही प्रतींना सामान्यतः चुंबक चिकटत नाही, त्यामुळे या चाचणीने दोन्हींतला फरक कळत नाही. प्रतीचा छाप, बिल आणि लेखी हमी पाहावी. सांध्याच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे, कारण गंज बहुधा सांध्याखालच्या सतत ओल्या राहणाऱ्या कडेलाच प्रथम धरतो.

प्रश्न: हात धुण्याच्या जागी फणसाच्या लाकडाची जाड फळी बसवून तिच्यावर चिनी मातीचे बेसिन ठेवायचे आहे. सुतार म्हणतो, पावसाळ्यात त्रास होईल. खरे आहे का?
(एक वाचक, म्हापसा, गोवा)

उत्तर: सुताराचे म्हणणे गांभीर्याने घ्यावे, पण बेत सोडण्याचे कारण नाही. लाकूड उष्णतेने फारसे वाढत नाही, ते दमटपणाने वाढते आणि तेही मुख्यतः आडवे, म्हणजे रेषांना काटकोनात. गोव्यातल्या पावसाळ्यात अर्धा मीटर रुंद फळी कोरड्या दिवसांतल्यापेक्षा तीन-चार मिलिमीटर सहज फुगू शकते. लांबीत मात्र तिच्यात जवळजवळ फरक पडत नाही. भाजलेली चिनी माती अजिबात फुगत नाही. त्यामुळे या जोडीत स्टील आणि दगडाच्या जोडीपेक्षा हालचाल कितीतरी अधिक आहे आणि बेसिन फळीत खाचून घट्ट बसवले, तर फळी चिरते किंवा बेसिनला तडा जातो.

तुमच्यासाठी फळीच्या वर ठेवायचे बेसिन उत्तम, कारण त्याला मोठा खड्डा लागत नाही. निचऱ्याच्या पाइपसाठी पाडायचे भोक गरजेपेक्षा आठ-दहा मिलिमीटर मोठे ठेवावे, त्याची आतली कापलेली बाजू आणि फळीची दोन्ही टोके इपॉक्सीचे किंवा बोटीला वापरतात त्या व्हार्निशचे दोन-तीन हात देऊन बंद करावीत, कारण लाकूड सर्वाधिक पाणी आडव्या छेदातूनच पिते. फळीच्या खालच्या बाजूलाही वरच्या बाजूइतकेच हात द्यावेत. एकच बाजू बंद केली तर फळी वाकते. बेसिनखाली न्यूट्रल सिलिकॉनची गोल सलग रेघ द्यावी आणि निचऱ्याची चकती रबरी वॉशरवर हाताने घट्ट होईल एवढीच फिरवावी. पान्याचा जास्तीचा अर्धा फेरा चिनी मातीला तडा द्यायला पुरतो. निचऱ्याचे साहित्य पितळी असेल, तर व्हिनेगरच्या वासाचे सिलिकॉन येथेही नको. त्यातले आम्ल पितळेवर आणि तांब्यावर हिरवट डाग पाडते. भिंतीला फळी पक्की करताना कोनाच्या पट्टीतली स्क्रूची भोके लांबट ठेवायला सुताराला सांगावे.

प्रश्न: सांधाच नको असेल, तर काय पर्याय आहेत? आणि सिलिकॉनवर पुन्हा सिलिकॉन लावले तर चालते का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर: सांधा टाळायचा असेल, तर दोन्ही वस्तू एकाच पदार्थाच्या हव्यात. उपाहारगृहांतले ओटे सगळे स्टीलचे असतात आणि त्यांत सिंक वेल्डिंगने जोडून घासलेले असते, ही सांधा टाळण्याची सर्वात टिकाऊ पद्धत. घरासाठी ॲक्रिलिकमिश्रित सॉलिड सर्फेसचा पर्याय आहे. कोरियन (Corian) या नावाने ड्यूपॉन्ट कंपनीने १९६७ साली तयार केलेल्या पदार्थापासून या प्रकाराची सुरुवात झाली. त्याच पदार्थाचे सिंक त्याच्याच जातीच्या द्रवाने जोडून वरून घासले की जोड दिसेनासा होतो आणि पाणी जाण्याचा मार्गच उरत नाही. तो उष्णतेला मात्र कच्चा आहे. फोडणीची तापलेली कढई थेट ठेवली तर कायमचा डाग राहतो, आणि उकळते पाणी ओतताना थंड नळ सोबत सुरू ठेवावा लागतो. याच ओट्याला स्टीलचे सिंक लावायचे ठरवले, तर येथे ओटाच स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावतो, त्यामुळे सिलिकॉनच्या सांध्याची रुंदी तीन मिलिमीटरपेक्षा कमी ठेवू नये.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. घट्ट झालेल्या सिलिकॉनला नवे सिलिकॉन धरत नाही; वरून छान दिसते आणि खालून पाणी जातच राहते. जुना थर पातळ पात्याने पूर्ण काढावा, उरलेला पापुद्रा सिलिकॉन काढण्याच्या द्रवाने पुसावा, बुरशीचे काळे ठिपके असतील तर दगड आणि स्टील दोन्ही वाळवून मग बुरशीरोधक, सॅनिटरी प्रतीचे सिलिकॉन भरावे. चोवीस तासांनी सिंकचे भोक बंद करून ते काठापर्यंत पाण्याने भरावे, कपाटात सांध्याखाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद अंथरावा आणि रात्रभर ठेवून सकाळी कागद पाहावा. त्यावर एखादा जरी ओला ठिपका दिसला, तरी कारागिराचे उरलेले पैसे देण्याआधी तेवढा भाग उकलून पुन्हा भरून घ्यावा.